आरपार दिसणारं खोकं

आलापल्लीच्या बाजारात, एसटी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर, बाबूभाई शेख यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ गेले, टेप गेले, मोबाइल आले, पण पाटी तीच राहिली. बाबूभाईंचे हात साठीच्या आतच थरथरू लागले होते. चहाचा कप उचलला की अर्धा बशीत सांडायचा. असे हात मोबाइलमधल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पार्टाला टाका कसा देणार? तरीही दुकानातून वस्तू दुरुस्त होऊन बाहेर पडत राहिल्या, आणि पूर्वीपेक्षा बऱ्या होऊन पडत राहिल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाबूभाईच्या हाताले अजूनबी जादू आहे जी." बाबूभाई मान खाली घालून बसायचे. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात निळा पडदा होता, आणि पडद्यामागे त्यांची मुलगी नूरी सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेली असायची.

नूरीचं लग्न विसाव्या वर्षी बल्लारपूरला झालं होतं. चार वर्षांत ती परत आली. कारण विचारलं तर ती एवढंच सांगायची की मिक्सर बंद पडला होता. सासरचा मिक्सर तिनं उघडला, आतली जळकी तार बदलली आणि चालू केला. नवरा भडकला. "घरातली बाई पेचकस घेऊन बसते, लोक काय म्हणतील?" नूरी म्हणाली, "लोक म्हणतील, मिक्सर चालू झाला." एवढ्यावरून सुरू झालेलं भांडण कधी संपलंच नाही. माफी माग म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसवलं, तेव्हा ती म्हणाली, "चुकलं काय ते सांगा, मग मागतो." कोणाला ते सांगता आलं नाही. ती एक बॅग घेऊन आलापल्लीला आली. बॅगेत दोन ड्रेस होते, बाकी अवजारं.

पडद्यामागे तिनं सहा वर्षं काढली. एकदा एक म्हातारा गिऱ्हाईक टीव्ही न्यायला आला. टीव्ही झकास चालतोय म्हणून त्यानं बाबूभाईंची पाठ थोपटली आणि जाता जाता म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा बाबूभाई, पण नशीब नाई. पोरगी घरी येऊन बसली, ओझं झालं." नूरीनं पडदा बाजूला केला. बाजूला केला म्हणजे काय, दोन्ही हातांनी ओढून दांडीसकट खाली पाडला. "काका, टीव्ही मी बनवला," ती म्हणाली. "आवाज मधी मधी जात होता ना? आता नाई जाणार. गेला तर माह्याकडे आणा, अब्बाकडे नाई." त्याच संध्याकाळी तिनं पडद्याच्या चिंध्या करून धूळ पुसायला घेतल्या. दोन महिने गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मग हळूहळू परतलं, कारण अहेरीपर्यंत जाऊन यायचं आणि तिथं चारदा खेटे घालायचे, त्यापेक्षा बाईच्या हातून काम झालेलं लोकांना परवडलं.

बुधरी आली ती त्यानंतर काही वर्षांनी, एका वैशाखात. भामरागडच्या वाटेवर डांबरी रस्ता सोडून सात किलोमीटर आत येरमागुडा नावाचं माडिया लोकांचं गाव आहे. बुधरी तिथली आशाताई. गावातल्या गरोदर बायांच्या नोंदी, लेकरांची वजनं, तापाच्या गोळ्या, सगळा कारभार तिच्या खांद्यावरच्या थैलीत आणि एका जुन्या फोनमध्ये असायचा. तिनं टेबलावर एक पॉवर बँक ठेवली.

"नूरीबाई, हे पाहून दे. घेऊन चार महिने नाई झाले, अन् फोन एकदाबी पुरा भरत नाई."

नूरीनं ती हातात तोलली. वजन भरपूर होतं. सुरीचं टोक घालून तिनं कवच उकललं. आत एकच सेल होता, तोही फुगलेला. उरलेल्या जागेत सरसानं चिकटवलेली प्लास्टिकची पुडी होती. नूरीनं ती काढून बुधरीच्या तळहातावर ठेवली.

"हे काय होय?"

"रेती."

"रेती काऊन?"

"हातात घेतल्यावर जड लागावं म्हणून."

बुधरीनं पुडी बोटांनी दाबून पाहिली. तिनं सांगितलं, "आमच्याकडे पान्यापावसात लाइन गेली का आठ-आठ, दहा-दहा दिवस येत नाई. मागच्या साली एका बाईले झटके आले. मी टेकडीवर चढलो, तिथीच टॉवर लागते. दवाखान्यातली डॉक्टरीण बोलून राह्यली होती, असं कर, तसं कर, अन् फोन बंद. बॅटरी खतम. बाई वाचली, लेकरू गेलं. म्हणून मोहफुलं विकून हे घेतलं मी." तिनं पुडी टेबलावर ठेवली. "अन् याच्यात रेती."

ती पॉवर बँक समोरच्याच श्रीहरीच्या दुकानातली होती. नूरीनं पुडी तारेला बांधली, दुकानाच्या तोंडाशी टांगली आणि खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'पॉवर बँकच्या पोटातून निघालेली रेती. आपली उघडून पाहा, फुकट.' संध्याकाळपर्यंत लोकांनी अकरा पॉवर बँका आणल्या. त्यातल्या सातांच्या पोटात रेती निघाली. दुसऱ्या दिवशी तारेवर आठ पुड्या लटकत होत्या.

श्रीहरी रस्ता ओलांडून आला. "नूरी, काढ हे. माह्या धंद्यावर लाथ मारून राह्यली तू."

"मी तुमचं नाव कुठी लिहिलं, श्रीहरीभाऊ?"

"साऱ्या बाजारात मीच विकतो हे!"

"मग ते तुम्हीच सांगितलं. मी नाई."

जमलेले लोक हसले. श्रीहरीचे कान लाल झाले. तो काही दुष्ट माणूस नव्हता. नागपूरहून डबे यायचे, तसेच सीलबंद तो विकायचा, आत काय आहे हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. पण चारचौघांत हसं झालेलं कोणाला सोसतं? तो म्हणाला, "लोकांचं फोडाले अक्कल लागत नाई. एवढी हुशार असशील तर स्वतः बनवून दाखव."

"बनवतो," नूरी म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की गावची बस धरायला आलेली बुधरी गर्दीत उभी आहे आणि तिनं तो ऐकला आहे.

पुढच्या आठवड्यात नूरी पहाटेच्या एसटीनं चंद्रपूरला गेली आणि भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्या घेऊन आली. भंगारवाल्याला नवल वाटलं. "मेलेल्या बॅटऱ्यांचं काय करता बाई?" त्याला नूरीनं समजावलं की लॅपटॉपच्या एका बॅटरीत अंगठ्याएवढे सहा सेल असतात. त्यातले दोन मरतात, आणि बाकीचे चार त्यांच्यासोबत कचऱ्यात जातात. चांगले निवडून काढायचे, एवढंच काम.

एवढंच काम होतं, पण ते किडा-खडा बघून तांदूळ निवडण्यासारखं होतं. प्रत्येक सेल तिनं पूर्ण चार्ज केला, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि तीन आठवडे फळीवर ठेवून दिला. मग मीटर लावून बघितलं. जो निम्मा उतरला तो बाद. जो चार्ज होताना हाताला गरम लागला तोही बाद. बाद झालेले सेल रेतीच्या बादलीत जात. टिकले त्यातले अठरा निवडून तिनं ते एकमेकांना जोडायला घेतले, आणि इथं तिची चूक झाली. रेडिओच्या तारेला देतात तसा तिनं सेलच्या तोंडाला थेट सोल्डरचा टाका दिला. असल्या सेलला एवढी आच सोसत नाही. चौथा सेल फुसफुसला, आणि तिनं हात मागे घेण्याआधीच त्यातून ज्वाळा निघाली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. उजव्या हातानं तिनं चिमट्यात सेल पकडला आणि बादलीत खुपसला. दुकानात धूर झाला.

धूर बघून बाजार गोळा झाला. तिचा चुलतभाऊ ताबिश गॅरेजमधून धावत आला. त्यानं तिला दवाखान्यात नेलं, पट्टी करवून आणली आणि मग दारातच सुरू झाला. "आता पुरे कर नूरी. उद्या दुकान जळलं, बाजार जळला, तर आपल्या घरावर येईल. लोक आत्ताच बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

"बाईच्या हाती आग दिली तर असंच होते."

"चुलीची आग रोज बाईच्याच हाती देता," नूरी म्हणाली, "तेव्हा नाई बोलत कोणी."

तरी त्या रात्री तिला झोप लागली नाही. भीती तिलाही वाटली होती. सकाळी उठून तिनं फोनवर शोध घेतला, जाणत्यांनी काय लिहिलंय ते वाचलं, आणि तिला कळलं की सेल टाका देऊन जोडायचेच नसतात. त्यावर पातळ निकेलची पट्टी ठेवायची आणि विजेचा क्षणभराचा झटका देऊन ती चिकटवायची. त्यासाठी यंत्र लागतं. नवं घेणं तिच्या आवाक्याबाहेर होतं. पण दुकानाच्या माळ्यावर एक मायक्रोवेव्ह पडून होता, दुरुस्त होत नाही म्हणून मालकानं सोडून दिलेला. त्यातला ट्रान्सफॉर्मर धड होता. त्याची आतली बारीक तार काढून तिथं जाड केबलचे आटे गुंडाळले की काम होणार होतं. पण नूरीचा एक हात पट्टीत.

बाबूभाई स्टुलावर बसून सगळं बघत होते. "इकडे आण," ते म्हणाले.

"अब्बा, तुमचे हात..."

"बारीक कामाले नाई चालत. ही तर वेल्डिंगची केबल आहे, अंगठ्याएवढी. किती आटे?"

"दोन."

"दोनच?" बाबूभाई हसायला लागले. "जिंदगीभर पंख्यांच्या मोटरी बांधल्या, हजार-हजार आटे मोजले. आता म्हातारपणी दोनवर आलो." त्यांनी ट्रान्सफॉर्मर दोन्ही गुडघ्यांत धरला आणि सगळं बळ लावून केबल आत सरकवली. हात थरथरत होते, पण केबल जाड होती आणि तिला थरथर जुमानत नव्हती. दोन आटे बसले तेव्हा बाबूभाईंच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर कित्येक वर्षांत न दिसलेलं समाधान होतं.

मिरगाच्या सुमाराला खोकं तयार झालं. वीज मीटर ज्यात बसवतात तसल्या राखाडी प्लास्टिकच्या पेटीत अठरा सेल, कोणताही सेल जास्त भरू नये की पार रिकामा होऊ नये म्हणून राखण करणारी एक छोटी सर्किटची पट्टी, फोनसाठी दोन जागा, बारा व्होल्टच्या दिव्यासाठी एक जागा, आणि सोलर प्लेट लावायला एक. वजन पावणेदोन किलो, आणि त्यातला एक तोळाही फुकटचा नव्हता. बुधरीनं ते टॉवेलात गुंडाळून थैलीत घातलं आणि दुपारच्या बसनं निघाली.

चार वाजता नूरीच्या फोनवर अनोळखी आवाज आला. "नूरी शेख तुम्हीच का? एका बाईकडे तुम्ही बनवलेलं एक खोकं इथे सापडलंय. ताबडतोब नाक्यावर या."

रस्त्यावरच्या पोलिसांच्या तपासणी नाक्यावर बस थांबवून झडती झाली होती. थैलीतून बंद पेटी निघाली, हलवली तर आत तारा. बुधरीला उतरवून बसवून ठेवलं होतं.

ताबिशचं तोंड उतरलं. "नूरी, ऐक. म्हण, हे माहं नाईच. कोणी नाव घेतलं असंल तर घेतलं असंल."

"माहं नाई म्हटलं तर ते बुधरीचं होते."

"होऊ दे ना! आपलं नाव, आपली माणसं... एकदा चौकशीत अडकलो तर कोण सोडवाले येईल?"

नूरी अवजारांची पिशवी भरत होती. "मी बसनं जातो. तू नको येऊ."

ताबिश दारात उभा राहिला, मग तोंडानं पुटपुटत गेला आणि मोटरसायकल घेऊन आला. "बस मागं. अन् तिथी तोंड सांभाळून बोल."

नाक्यावर खोकं रस्त्यापासून दूर, मातीच्या पोत्यांच्या आड ठेवलं होतं. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. बुधरी झाडाखाली बसली होती. नूरी थेट नाक्यावरच्या पोलीस साहेबांपुढे गेली. "ते खोकं मी बनवलं. मी उघडून दाखवतो."

"हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "गडचिरोलीहून बॉम्बशोधक पथक निघालंय. तोवर बसा. हे बनवायची परवानगी कोणाची घेतली होती?"

"साहेब, कंदील लावाले कोणाची परवानगी घेतात?"

"कंदिलात वायर नसते."

"वायर तर तुमच्या खिशातल्या फोनातबी आहे. तो कोणी उघडून नाई पाहत."

ताबिशनं डोळे मिटून घेतले. साहेब मात्र चिडले नाहीत. ते खुर्चीत पुढे झुकले आणि सावकाश म्हणाले, "बाई, या रस्त्यावर स्फोटात माझी माणसं गेली आहेत. बंद डब्यात काय आहे ते मला बाहेरून दिसत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

नूरी बुधरीशेजारी जाऊन जमिनीवर बसली.

पथक यायला तीन तास लागले. पवन नावाचा त्यांच्यातला एक जण पुढे गेला, त्यानं आपल्या रीतीनं पेटी तपासली, मग उघडली आणि आतला एकेक जोड पाहिला. मग त्यानं हाक मारली. "कोणी बनवलं? इकडे या."

नूरी गेली. ताठ मानेनं गेली.

"निकेलची पट्टी कशानं चिकटवली?" पवननं विचारलं.

"मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरनं. केबल माह्या अब्बानं भरली."

पवननं एक पट्टी नखानं उचकटून पाहिली. ती हलली नाही. "काम साफ आहे," तो म्हणाला. "पण फ्यूज कुठी आहे?"

फ्यूज नव्हताच. राखण करणारी पट्टी आहे म्हणजे झालं, असं नूरीनं धरलं होतं.

"ही राखणीची पट्टी जळाली अन् तार तारेले लागली, तर झोपडी पेटंल," पवन म्हणाला. "पहिल्या तारेवरच फ्यूज टाका. दहा रुपयाचा येते."

त्या दिवसांत तिला अनेकांनी अनेक गोष्टी ऐकवल्या होत्या. हे एकच बोलणं तिनं मान खाली घालून ऐकलं, आणि "टाकतो," म्हणाली.

साहेबांनी नोंदवहीत सही घेतली आणि खोकं परत दिलं. "आज सोडतोय. पण पुन्हा असलं काही बनवू नका."

"बनवीन साहेब," नूरी म्हणाली. ताबिशनं मागून तिची ओढणी ओढली. तिनं ती सोडवून घेतली. "बनवीन. पण पुढच्या टायमाले तुम्हाले बाहेरून दिसंल."

बुधरीसकट घरी येऊन तिनं दोन गोष्टी केल्या. पहिल्या तारेवर फ्यूज बसवला. आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून जाड पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आणून पेटीचं राखाडी झाकण बदलून टाकलं. आता अठराच्या अठरा सेल, प्रत्येक तार, प्रत्येक पट्टी काचपेटीतल्या माशांसारखी दिसत होती. झाकणाच्या कोपऱ्यात तिनं पक्क्या शाईनं लिहिलं, 'नूरी बाबू शेख, आलापल्ली. आत अठरा सेल, एक सर्किट आणि एक फ्यूज. दुसरं काही नाही.' खाली फोन नंबर. मग बुधरीला बरोबर घेऊन ती स्वतः नाक्यावर गेली आणि खोकं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं, नाव वाचलं आणि परत सरकवलं. बुधरी बसमध्ये चढली.

मग आषाढ लागला. नाले भरले, रस्ता तुटला, आणि येरमागुड्याहून काहीही कळेनासं झालं. नूरी रोज दुकान उघडायची, पण बसची चाहूल लागली की मान वर व्हायची. रेतीच्या पुड्या अजून तारेवर होत्या, आणि समोर श्रीहरीही होता. एकदा तो रस्त्यापलीकडून ओरडला, "काय म्हंते तुमचं खोकं? चालते का बुडलं?" ते नूरीलाही ठाऊक नव्हतं.

सतराव्या दिवशी बुधरी आली. पाय मांडीपर्यंत चिखलानं माखलेले. स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि सांगू लागली.

लाइन पहिल्याच दिवशी गेली होती. सहाव्या दिवशी सकाळी करिश्मा नावाच्या पोरीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. नाल्याला एवढं पाणी की डोंगा घालायची सोय नव्हती. दुपारी लेकरू झालं, रडलं, सगळं नीट झालं म्हणेपर्यंत करिश्माचं रक्त थांबेना. बुधरीच्या जुन्या फोनची बॅटरी पाच मिनिटं टिकायची, आणि टॉवर टेकडीवर. टेकडीवर गेली तर करिश्माजवळ कोण? करिश्माजवळ बसली तर डॉक्टरणीशी कोण बोलणार?

"मग मी लोकेशले वर पाठवलं," बुधरी म्हणाली. लोकेश म्हणजे करिश्माचा नवरा. "एका हातात फोन, दुसऱ्या हातात तुहं खोकं, वरतून प्लास्टिक. फोन खोक्याले जोडलेलाच. पण तो वर, मी खाली, मधी पाऊस. ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. तवा बाया उभ्या झाल्या."

"कोण बाया?"

"गावातल्या साऱ्या. टेकडीपासून घरापर्यंत, आवाज पोहोचंल एवढ्या अंतरावर एकेक. डॉक्टरीण फोनात बोलली का लोकेश ओरडे, तो पहिलीले, पहिली दुसरीले. असं माह्यापर्यंत येई. मी विचारलं का उलटं वर जाई. पोटातला गोळा वरून चोळत राहा. लेकरू छातीशी लावा. थैलीतल्या गोळ्या दे, इतक्या दे. किती कपडे भिजले? सारं असं बोललो आम्ही. फोन मधी मधी कटे, लोकेश पुन्हा लावे. नूरीबाई, दुपारपासून दिवस कलेपर्यंत फोन चालू होता. एकदाबी बंद नाई पडला."

"अन् करिश्मा?"

"सांजेले पाणी उतरलं. डोंग्यात घालून पलीकडे नेलं, तिकडं गाडी उभी होती. रक्त चढवलं दोन बाटल्या." बुधरीनं चिखलाचा हात कपाळावरून फिरवला. "काल घरी आली. पोरगी झाली तिले. रडते लय."

नूरीनं बुधरीच्या थैलीतून खोकं काढलं, झाकण पुसलं, मीटर लावला आणि एकेक सेल मोजत बसली, कारण डोळ्यांत आलेलं पाणी लपवायला दुसरं काही सुचत नव्हतं.

गोष्ट पसरली. त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांनी तिच्याकडून नऊ खोकी नेली. कोणाला दिवा हवा होता, कोणाला ग्रामसभेचा लाऊडस्पीकर चालवायचा होता. श्रीहरीनं रेतीच्या पॉवर बँका ठेवणं बंद केलं, पण तो तिच्याशी बोलतही नव्हता. आणि माघात, कोणाच्या अर्जावरून ते कळलं नाही, एका कार्यालयातून कागद आला. विनापरवाना विद्युत उपकरणं बनवणं तात्काळ थांबवावं आणि सात दिवसांत खुलासा द्यावा.

ताबिशनं कागद दोनदा वाचला. "आता काय करशील?"

"खुलासा देईन."

तिनं बसून लिहिलं की खोकी तीच बनवते, प्रत्येकावर तिचं नाव आहे, आत काय आहे ते कोणालाही बाहेरून दिसतं. कोणते नियम पाळायचे ते लेखी कळवा, पाळीन. तपासायला माणूस पाठवा, त्याच्यासमोर उघडीन. नियम कोणते हे न सांगता थांबा म्हणाल, तर थांबणार नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि टपालात टाकलं.

ही बातमी बुधरीनं गावात नेली. पंधरा दिवसांनी ती ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल घेऊन आली. मूळ ठराव त्या कार्यालयाला गेला होता. खाली सह्या थोड्या होत्या, अंगठे पुष्कळ. कार्यालयातून त्यानंतर ना उत्तर आलं, ना तपासणीला माणूस. नूरीचं काम चालू आहे.

पण नक्कल आली त्या दिवशी तिनं तो कागद आधी बाबूभाईंना वाचून दाखवला. गावाच्या भाषेतलं बोलणं कोणीतरी जमेल तशा सरकारी मराठीत उतरवलं होतं. 'ही ग्रामसभा असा ठराव करते की, नूरीबाईचे खोके आमच्या गावात आहे व राहील. ज्यांना ते बंद करावयाचे आहे, त्यांनी आषाढ महिन्यात आमच्या गावी येऊन लाइनशिवाय आठ दिवस मुक्काम करावा. जेवणाची सोय गाव करील. त्यानंतर त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात येईल.'

बाबूभाई हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "फिरून वाच."

नूरी उठून दारात आली आणि तिनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी मोठ्यानं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.